ढाल फळीवरच राहील

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. मोठे खेळाडू लिहितात असं ऐकून आहे. कोणाला दाखवायची नाही.

मुद्दा एकच. महाशिवरात्रीची दौड, ज्येष्ठ गट. ताडकळसच्या एसटी स्टँडपासून फाट्यापर्यंत जायचं आणि परत येऊन महादेवाच्या देवळापाशी संपवायचं. गेली दोन वर्षं पहिला मी. फिरती ढाल माझ्या भांड्यांच्या दुकानात, प्रेशर कुकरच्या वरच्या फळीवर. नियम असा की सलग तीनदा जिंकणाऱ्याची ढाल कायमची. म्हणजे यंदा ती माझीच. फळीला पितळी खिळे मारायचंही ठरवून ठेवलं होतं.

मध्ये दिवाळीच्या तोंडावर ते हृदयाचं झालं. झालं म्हणजे फार काही नाही. नांदेडला मनगटातून एक स्टेंट टाकला. गावात मात्र 'कल्याणआप्पा वर जाऊन परत आले' अशी बातमी. लोकांना बोलायला काहीतरी लागतंच.

शनिवारी दाखवायला गेलो होतो. डॉ. योगिनी मॅडम, आमच्या मुलाच्या, शिवप्रकाशच्या वयाच्या. म्हणाल्या, रोज चाला, हळूहळू वाढवा. जानेवारीत ट्रेडमिलवर टेस्ट घेऊ, तोपर्यंत स्पर्धा वगैरे काही नाही. मी विचारलं, मग पळायचं कधी? म्हणाल्या, आधी चाला तर खरं. यात 'आधी' महत्त्वाचं. आधी म्हटलं की नंतर पळणं आलंच. एका परीने परवानगीच झाली. बसमध्ये महेश्वरीला हे नीट समजावून सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. बायकोला स्पोर्ट्समधलं कळत नाही, त्याला ती तरी काय करणार.

उद्यापासून पहाटे पाच.

२७ नोव्हेंबर.

दोन दिवस थंडी. परभणी जिल्ह्यातली थंडी ही थट्टा नव्हे. आज निघालो. पाचला नाही, पण सकाळी.

ताडकळसात पळणं सोपं नाही. पायाचा प्रश्न नाही, ओळखीचा आहे. कोपऱ्यावर नागनाथआप्पा भेटले. हे देवस्थान समितीचे सेक्रेटरी, दौड तेच भरवतात. शरणार्थ म्हणाले, म्हणजे आम्हा लिंगायतांचा नमस्कार. आपणही थांबून, हात जोडून शरणार्थ म्हणावं लागतं. पळता पळता म्हटलं तर माणूस माजला म्हणतात. त्यांचं झालं तोवर डेअरीवाले. मग पिठाची गिरणी. प्रत्येकाचा एकच सवाल, हार्ट कसं हाय? ठणठणीत, असं सांगत सांगत गिरणीच्या पुढच्या वळणापर्यंत गेलो आणि वेळ संपली. दुकान उघडायचं होतं.

आणखी एक अडचण. महेश्वरी मागे येते. पिशवीत पाण्याची बाटली, टॉवेल, जिभेखाली ठेवायची गोळी. अंगावर नेहमीचं पातळ आणि पायात शिवप्रकाशचे कॉलेजातले बूट. चार लोकांत बरं दिसत नाही. तिला म्हटलं, येतेस तर मागं राहू नको, पाय उचल. ती मागे राहत नव्हती हेही तितकंच खरं. पण शिस्त म्हणून सांगितलं.

१ डिसेंबर.

शिवप्रकाशने पुण्याहून घड्याळ पाठवलं. ठोके मोजतं, अंतर मोजतं, आणि तब्येतीवर शेरे मारतं. आज बांधून पळालो. घरी येऊन पाहिलं तर त्यात लिहिलेलं 'वॉक'. मी पळालो होतो. शिवप्रकाशला फोन केला, म्हटलं पीस डिफेक्टिव्ह आहे. तो म्हणाला, बाबा, ते वेगावरून ठरवतं. पुण्याच्या रस्त्यांवर सेट केलेलं घड्याळ आमच्या खड्ड्यांत काय ठरवणार?

घड्याळ महेश्वरीला दिलं. तिच्या हातावर ते खूश दिसतं. संध्याकाळी आपोआप फुलबाजी उडवून तिचं अभिनंदन करत होतं.

५ डिसेंबर.

डाएट. तेल बंद, तूप बंद, मीठ नावापुरतं. महेश्वरी ज्या भाज्या करते आहे त्या जनावरांना घातल्या तर तीही मान वळवतील. तरी खातो. खेळाडूला त्याग करावा लागतो.

६ डिसेंबर.

बाजाराचा दिवस. हॉटेलात मिरची भजी, दोन प्लेट. घाम येणाऱ्या माणसाला मीठ लागतं, हे शास्त्र आहे. घाम आज आला नव्हता, पण उद्या येणार आहे.

१० डिसेंबर.

व्यंकटराव सर दुकानात आले. हायस्कूलला गणित शिकवायचे, आता रिटायर. दोन्ही वर्षं दुसरे. चहाची गाळणी घ्यायला आलो म्हणाले. गाळण्या खाली ट्रेमध्ये असतात, हे मात्र वर फळीकडे बघत होते. गाळणीला इतका वर बघणारा माणूस मी पाहिलेला नाही.

म्हणाले, कल्याणराव, यंदा राहू द्या. तब्येत सांभाळा, ढाल कुठं पळून चाललीय?

काय गोड बोलतात. याला सायकॉलॉजिकल वॉर म्हणतात. गाळणी दिली ती मुद्दाम मोठ्या भोकांची.

१९ डिसेंबर. वेळ अमावस्या.

दिवसभर शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, आंबील, भज्जीची मिसळ भाजी, ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकर. पाहुणे, शेजारी, सगळे. डाएटला आज सुट्टी, कारण पांडवांच्या नैवेद्याला नाही म्हणता येत नाही. तीनदा नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी हेंडगा पेटवून शेताभोवती पळवायचा असतो. कडब्याची ती पेटती मशाल दरवर्षी आमच्यात तरणी पोरं घेतात. मी म्हटलं, यंदा मी. महेश्वरीने पदर तोंडाला लावला. पुतणे म्हणाले, काका, ऱ्हाऊ द्या. पण खेळाडूला संधी हेरता आली पाहिजे. हेंडगा घेऊन निघालो. पहिला बांध झकास. दुसऱ्या बांधावर वाऱ्याने हेंडगा विझला. मी विसावलो ते विझल्यामुळे, विसावलो म्हणून विझला नाही. ज्वारी उंच असल्याने लोकांना मी दिसेनासा झालो आणि उगाच बोंब उठली. सगळ्यात आधी पोचली ती महेश्वरी. ढेकळांतून, अंधारात, उपरण्याएवढी वाट. कशी पोचली कोण जाणे.

परत येताना सगळे गप्प होते. जेवण जड झालं असणार.

२८ डिसेंबर.

नागनाथआप्पा बक्षिसांची भांडी घ्यायला आले. दरवर्षी माझ्याकडूनच नेतात. यंदा नवीन टूम, बायकांसाठी चालण्याची स्पर्धा. मी हसलो नाही, गिऱ्हाईक आहे. बायकांना पहिलं बक्षीस काय द्यावं म्हणाले. मी स्टीलची कळशी काढून दिली. हलक्या पत्र्याची होती, बुडाला बोट लावलं तरी दबायची. बरेच दिवस कोणी घेत नव्हतं. म्हटलं, चालणाऱ्या बायकांना काय, घरी जाऊन पाणीच भरायचंय. त्यांनी नेली.

जाता जाता म्हणाले, आप्पा, यंदा तुमी पळू नका, झेंडी दाखवा. प्रमुख पाहुणे करतो, फेटा बांधतो. मी स्पष्ट सांगितलं की झेंडी दाखवणारे वेगळे आणि झेंडीकडे बघून सुटणारे वेगळे. त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीचं विचारलं. तोंडी झालेली आहे, असं सांगितलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. भांडी उचलून गेले.

१ जानेवारी २०२६.

संकल्प: १. रोज पळणे. २. भजी बंद. ३. राग बंद. ४. व्यंकटरावांचा विचार बंद.

२ जानेवारी.

संकल्प सोमवारपासून. आठवडा मध्येच सुरू केला की टिकत नाही. व्यंकटराव पहाटे आमच्या घरावरून पळत गेले म्हणे. बूट नवीन.

९ जानेवारी, शुक्रवार.

आज नांदेडला ट्रेडमिल टेस्टची तारीख होती. बस चुकली. दुसरी होती, पण एक चुकल्यावर मन लागत नाही. आणि तसंही, ज्याला रस्ता माहीत आहे त्याने एका जागी पट्ट्यावर कशाला पळायचं? दवाखान्यातून फोन आला. महेश्वरीने घेतला. तिने खोटं सांगितलं नाही, खरंही सांगितलं नाही. नुसतं, येतो म्हणाली, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली.

मी समजूत काढायला गेलो. दौड झाली की लगेच टेस्ट, वचन दिलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचं इष्टलिंग माज्या गळ्यात व्हतं त्या टायमाला. दोन्ही मुठीत धरून बसले व्हते. त्या दारावरचा लाल दिवा कवा इझतो ते बघत."

ही गोष्ट मला नवीन. नर्सने आत नेताना गळ्यातली चांदीची करडगी, म्हणजे इष्टलिंगाची डबी, काढायला लावली होती एवढं आठवतं. इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं, मरेपर्यंत नाही. पण तिथे धातू चालत नाही म्हणाले. मला वाटलं रुमालात बांधून ठेवलं असेल. हिने ते स्वतःच्या गळ्यात, स्वतःच्या इष्टलिंगासोबत घातलं. तेही चालत नाही. ज्याचं त्याने वागवायचं. हिला एवढं माहीत नाही असं नाही, आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

भाकरी करपते आहे, एवढं बोललो. करपत नव्हती.

१५ जानेवारी.

काल संक्रांत. घरात हळदीकुंकवाला बायकांची ये-जा. वाणात काय दिलं माहीत नाही, पण आज सकाळी माझ्यामागे महेश्वरीसकट सहा बायका. राजेश्री, सुकेशनी, आणि कोण कोण. सगळ्या चालायच्या स्पर्धेत नाव देणार म्हणे. महेश्वरी त्यांना हात कसे हलवायचे ते दाखवते. माझंच बघून शिकली असणार. पुलापाशी त्या माझ्या पुढे गेल्या. मी वॉर्मअप करत होतो.

२२ जानेवारी.

आज ट्रायल. पूर्ण ताकदीने, कुठेही न थांबता, फाट्यापर्यंत. शरणार्थाला नुसती मान हलवायची असं ठरवून निघालो.

मठापर्यंत चांगला गेलो. पुढे पुलाच्या अलीकडे छातीत दाटलं. मग डावा खांदा, मग जबडा. बसलो मैलाच्या दगडावर. रस्त्यावर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना तूर, काढायला आलेली. वाटलं, इथेच झालं तर दुपारपर्यंत कोणाला कळायचं नाही.

घाबरलो. हे इथे लिहून ठेवतो, कुठे बोलणार नाही.

महेश्वरी आली. धावत नव्हती, पण झपाझपा. गोळी काढून जिभेखाली दिली. ती रागावू नये म्हणून घेतली. शेजारी दगडावर बसली, जागा नसताना. नंतर म्हणाली, चला, चा करते.

२३ जानेवारी.

काल लिहिलं ते अशक्तपणात लिहिलं. गॅस होता. आदल्या दिवशी वाटाण्याची उसळ होती.

३० जानेवारी.

स्ट्रॅटेजी बदलली. मोठे खेळाडू स्पर्धेच्या आधी सराव कमी करतात. टेपरिंग म्हणतात. मी आजपासून पूर्ण टेपरिंगवर.

एकाच गोष्टीचा सराव चालू ठेवला आहे. वाटेत मठ लागतो. महाशिवरात्रीला महाराज मठात असतात, आणि आमच्या समाजाचा माणूस मठावरून नुसता पुढे जाऊ शकत नाही. थांबून, वाकून, पायांना हात लावायचा. डोक्यावर हात ठेवला की तो उचलेपर्यंत उठायचं नाही. लहानपणापासूनची शिस्त. व्यंकटराव समाजातले नसल्याने त्यांना ही अडचण नाही, ते सरळ पुढे जातात. दरवर्षी मी तिथे मागे पडून पुढे भरून काढतो. यंदा भरून काढण्याऐवजी तिथेच वाचवायचं ठरवलं. न थांबता, पळता पळता वाकून नमस्कार. परसात प्रॅक्टिस केली. गुडघा तुळशीवृंदावनाला लागला. सूज आहे, पण तंत्र जमलं.

९ फेब्रुवारी.

नाव दिलं. छातीवर लावायचा नंबर मिळाला. आरशासमोर लावून पाहिला. नंबरच्या खालीच तो आहे, आतला स्टेंट. दोघांनी मिळून काम करायचं आहे.

पितळी खिळे आणले.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.

महेश्वरी बेल, दूध आणि पेढे घेऊन मठात गेली. चांगली तासभर बसून आली. दोन इष्टलिंगांची ती चूक महाराजांच्या कानावर घालायची राहिली होती म्हणे. शिवाय आणखी काही मागणं होतं. काय ते सांगितलं नाही. मी ओळखलं. माझ्या विजयासाठी साकडं घातलं असणार. उगाच नाही माणसं म्हणत, पुरुषाच्या यशामागे बाई असते.

तिचे डोळे लाल होते. मठात धूप फार जाळतात.

१५ फेब्रुवारी. महाशिवरात्र. पहाटे.

उपवास. एक वाटी भगर, दोन रताळी, थोडी साबुदाण्याची खिचडी, मग खिचडी उरली होती ती. वजन हलकं वाटतंय. ढालीला हात लावून निघतो.

त्याच दिवशी, दुपारी.

जे घडलं ते क्रमाने लिहितो, नाही तर गावकरी आपापल्या परीने लिहितील.

स्टँडवर गर्दी. पुरुषांची दौड आधी, बायकांचं चालणं लगेच पाठोपाठ. झेंडी नागनाथआप्पांनीच दाखवली, फेटा स्वतःच बांधून. सुटलो. पहिल्या वळणाला मी पुढे. व्यंकटराव मागे. ही गोष्ट शंभर लोकांनी पाहिली आहे आणि कोणीही नाकारू शकणार नाही.

पिठाच्या गिरणीपाशी डोळ्यांपुढे चमकायला लागलं. मी म्हटलं, सूर्य उगवतोय. डावा हात जड झाला होता. पाय आपले उचलत होतो. ढाल, एवढंच डोक्यात.

आणि मठ आला. महाराज आत गादीवर नव्हते. फाटकाबाहेर, रस्त्याच्या अगदी कडेला खुर्ची टाकून बसले होते. असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मी तंत्राप्रमाणे पळता पळता वाकलो. त्यांनी पाय जरा मागे घेतले. मग थांबावंच लागलं. गुडघ्यावर बसून पायांना हात लावला. महाराजांनी डोक्यावर हात ठेवला.

ठेवला तो ठेवलाच.

दरवर्षी टेकवल्यासारखा करून उचलतात. मी वाट पाहिली. हात हलेना. उलट जडच होत गेला. डांबरी रस्त्याकडे बघत बसलो. बाजूने पाय जायला लागले. आधी व्यंकटरावांचे नवे बूट, करकर वाजणारे. क्षणभर थांबले, मग गेले. मग बाकीचे. समाजाची जी माणसं होती ती वाकत होती, त्यांना महाराज डाव्या हाताने आशीर्वाद देऊन वाटेला लावत होते. उजवा माझ्या डोक्यावर. मध्येच त्यांनी कोणाला तरी तुरीचा उतारा विचारला. पाणी मागवून प्यायले, तेही डाव्या हाताने. मी खाकरलो. हात आणखी दाबला.

मग बांगड्या वाजल्या. बायका आल्या. शिवप्रकाशचे बूट माझ्या नाकासमोर येऊन थांबले. महेश्वरी वाकली. तिच्या डोक्यावर महाराजांनी हात टेकवला आणि लगेच उचलला. "जावा माय," म्हणाले. आणि ती गेली! मला एक शब्द नाही. झपाझपा, हात हलवत.

सगळे पुढे गेले. रस्ता रिकामा झाला. तेव्हा महाराज हळूच बोलले. मला एकट्याला ऐकू येईल इतकं.

"आप्पा, तुमचं इष्टलिंग तिनं तासभर गळ्यात सांभाळलं. आता तुमचा जीव बी तिनंच गळ्यात बांधून फिरावं का?"

तोवर छातीतलं दाटलेपण उतरलं होतं, माझा डावा हात हलका झाला होता. मला रडू आलं. डांबरावर दोन थेंब पडलेले दिसले. घामही असेल.

मग त्यांनी हात उचलला. म्हणाले, उठा, आन् चालत जावा. शिष्याने पाणी दिलं. मी चालत निघालो. फाट्यापर्यंत जायचं राहिलं होतं, पण मठातून देवळाकडे जायची वाट जवळ होती, तिने गेलो. पळवाट नव्हे. शर्यतीत नसलेल्या माणसाला कुठूनही जाता येतं.

देवळापाशी बक्षिसं चालू होती. ढाल व्यंकटरावांना मिळालेली नाही. ते दुसरे. पहिला आला तो जिंतूरचा कोणी रिटायर्ड पोस्टमन. लेकीकडे शिवरात्रीला आला होता, चहा घ्यायला स्टँडवर थांबला, दौड दिसली, नाव दिलं. पायात चप्पल. एवढे महिने मी व्यंकटरावांवर नजर ठेवून होतो आणि व्यंकटराव माझ्यावर. आम्ही दोघं मंडपाच्या दोरीपाशी शेजारी शेजारी उभे राहिलो. ते म्हणाले, मी मठापाशी थांबलो होतो तुमच्यासाठी. मी म्हटलं, बूट ऐकले. चहा घेतला दोघांनी, एकाच बाकावर. गाळणीचं मात्र सांगितलं नाही.

ढाल दुकानातून काढून दिली. आत्ता दोनच्या एसटीने जिंतूरकडे गेली, पोस्टमनच्या मांडीवर. त्याने कागदातसुद्धा बांधली नाही.

बायकांच्या चालण्यात पहिली महेश्वरी. टाळ्या बऱ्याच झाल्या. त्यातल्या काही माझ्या होत्या. बक्षीस, स्टीलची कळशी.

१६ फेब्रुवारी, सोमवार.

ढालीची जागा मोकळी दिसत होती. फळीवर धुळीत तिचा गोल उमटलेला. गिऱ्हाईक विचारत होतं. म्हणून तिथे कळशी ठेवली. हळूच ठेवली तरी बुडाला दबली. मीच दिली होती, कोणाला बोलणार? दबलेली बाजू भिंतीकडे केली आणि पितळी खिळे तिथेच मारले.

नांदेडला फोन केला. ट्रेडमिलची नवी तारीख गुरुवारची. महेश्वरीला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि माझ्या पानात, आज कित्येक दिवसांनी, चिमूटभर जास्त मीठ पडलं.

महाराजांच्या हाताचा विचार केला. इतक्या माणसांत इतका वेळ एकट्या माझ्याच डोक्यावर. काहीतरी विशेष दिसलं असणार त्यांना माझ्यात. पुढच्या वर्षी, टेस्ट नीट आली आणि पोस्टमन जिंतुरातच राहिला, तर

१७ फेब्रुवारी. सकाळी.

कालचं वाक्य अर्धं राहिलं. राहू दे.

चालायला गेलो. दोघंच. नंबर नाही, ट्रॅकसूट नाही. गोळी माझ्या खिशात, घड्याळ तिच्या हातावर. गिरणी, मठ, मग पूल. कोपऱ्यावर नागनाथआप्पा शरणार्थ म्हणाले, ते आधी तिला. पुलाच्या चढाला ती पुढे गेली. चार-सहा पावलं असतील, पण पुढे.

मी म्हटलं, "महेश्वरी, जरा हळू चाल."

ती थांबली.